ललाटलेख आणि जनुकलेख

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या साहित्य मेळाव्यात परिसंवादाचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. विषय होता 'आत्मकथने आणि स्मृती'. बोलण्याच्या ओघात एका तरुण कवीने एक विधान केले. आजोबांच्या पाठीवर बसलेले फटके आपल्या जनुकांत लिहिले गेले आहेत, आपली वेदना रक्तातून आलेली आहे आणि हे आता विज्ञानानेच सिद्ध केले आहे, असा त्याचा आशय होता. सभागृहाने जोरदार टाळ्या वाजवल्या. समारोप करताना मी त्या विधानाला बगल दिली. ती माझी चूक झाली. ती दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

बगल देण्याचे कारण वैयक्तिक होते. 'रक्त' हा शब्द मी फार पूर्वी दुसऱ्याच तोंडून ऐकला होता. तिसरीत असताना एकोणतीसचा पाढा मध्येच अडला, तेव्हा गुरुजी सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "पाढे ह्यांच्या रक्तातच नाहीत. ह्यांना कुठून येणार?" वर्ग हसला. घरी येऊन मी ते अक्काला सांगितले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धाकट्यांना सांभाळायला म्हणून चौथीतून काढलेली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाण्याला जाताना, दुपारी सरपण आणताना आणि रात्री भाकरी थापताना तिने माझ्याकडून तोच पाढा म्हणवून घ्यायला सुरुवात केली. एका बैठकीत दहा वेळा ती कधी म्हणवून घेत नसे. एकदा म्हणायचा, मध्ये काही तास जाऊ द्यायचे, मग पुन्हा एकदा. पंधरा दिवसांत पाढा पाठ झाला. आज सत्तरी उलटली तरी तो मला न अडखळता म्हणता येतो.

गुरुजींचा हेतू आणि कवीचा हेतू यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकाला अपमान करायचा होता, दुसऱ्याला अपमानाचा जाब विचारायचा होता. परंतु दोघांची विधाने एकाच गृहीतकावर उभी आहेत. माणसाच्या मनात काय येणार आणि काय राहणार हे त्याच्या रक्तात आधीच ठरलेले असते, हे ते गृहीतक. ते खरे असेल तर कटू असले तरी स्वीकारले पाहिजे. खोटे असेल तर आपल्याच माणसाच्या तोंडून आले म्हणून त्याला सवलत देता कामा नये.

२

मी मराठीचा अध्यापक. प्रयोगशाळेत मी पाऊल ठेवलेले नाही. वाचणे हीच माझी पात्रता, आणि त्या पात्रतेवर जे समजले ते येथे मांडतो.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार आहेत. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्याजवळ पोथी एकच, पण दोघी तिची वेगवेगळी पाने वाचतात. एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जेथे गुंडाळी घट्ट, तेथले जनुक वाचता येत नाही. हिस्टोनवर ॲसिटिल नावाचा रासायनिक गट बसला की गुंडाळी सैल होते. डीएनएवर मिथाइल गट बसला की बहुधा जनुक गप्प होते. पोथीतले अक्षर यात बदलत नाही. रुमालाची गाठ सुटते किंवा आवळते, एवढेच. या गाठींचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये घडवला, तो मात्र गर्भातल्या पेशी कशा वेगळ्या होत जातात या संदर्भात.

स्मृतीशी या गाठींचा संबंध काय? डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकने १९८४ मध्ये एक साधा प्रश्न मांडला. मेंदूतले रेणू सतत झिजतात आणि बदलले जातात, मग बालपणीची आठवण म्हातारपणापर्यंत टिकते कशी? पेशीत काही कायमची खूण उमटत असली पाहिजे, आणि ती डीएनएवरही असू शकेल, असा त्याचा तर्क होता.

त्या तर्काचा प्रयोगाने पाठपुरावा पुढे झाला. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात कोर्टनी मिलर आणि डेव्हिड स्वेट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. उंदराला एका पेटीत ठेवून पायाला विजेचा सौम्य धक्का देतात. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत ठेवले की उंदीर भीतीने थिजतो, म्हणजे त्याला आठवते. या शिकण्यानंतर तासाभरातच मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात, स्मृती दडपणाऱ्या एका जनुकावर मिथाइल चढलेले आढळले आणि स्मृतीला साहाय्य करणाऱ्या दुसऱ्या एका जनुकावरचे उतरलेले आढळले. मिथाइल चढवण्याची क्रियाच औषधाने रोखली, तर दुसऱ्या दिवशी उंदराला पेटी आठवत नव्हती. आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. चोवीस तासांनी हिप्पोकॅम्पसमधील हे बदल पूर्ववत झाले होते. २०१० मध्ये त्याच गटाला मेंदूच्या बाह्यकात, दुसऱ्या एका जनुकावर, महिन्यानंतरही टिकलेली मिथाइलची खूण सापडली. म्हणजे शिकताना एका जागी गाठ पडते आणि सुटते, दुसऱ्या जागी ती सावकाश पडते आणि राहते. जनुक आधी आणि अनुभव नंतर, हा आपला पाठ झालेला क्रम येथे उलटतो. अनुभव येतो आणि जनुकाला कामाला लावतो.

३

या विषयात मला सर्वाधिक विचार करायला लावला तो एका आत्मचरित्राने. एरिक कँडेल या मेंदूशास्त्रज्ञाचे 'इन सर्च ऑफ मेमरी' २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कँडेल १९२९ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि शाळेतली मुले त्याच्याशी बोलेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये नवव्या वाढदिवसाला त्याला निळ्या रंगाची खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी पोलिसांनी दार ठोठावले आणि कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी परत आले तेव्हा घर लुटलेले होते. मोटारही गेली होती. एप्रिल १९३९ मध्ये तो थोरल्या भावाबरोबर बोटीने अमेरिकेला निघाला.

वर्गातल्या मुलांनी बोलणे टाकणे म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हे आत्मचरित्र आपल्या आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचता येते. कँडेल आधी इतिहास आणि साहित्याचा विद्यार्थी होता. नाझीवादाकडे जर्मन लेखकांनी कसे पाहिले, हा त्याच्या हार्वर्डमधील प्रबंधाचा विषय. सुसंस्कृत समाज एका रात्रीत असा कसा वागू शकतो, या प्रश्नाने तो मनोविश्लेषणाकडे वळला आणि तेथून जीवशास्त्राकडे. ती वाट त्याला समुद्री गोगलगायीपाशी घेऊन गेली.

अप्लिसिया नावाच्या या प्राण्याच्या मज्जासंस्थेत चेतापेशी अवघ्या २० हजारांच्या आसपास, आणि त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या. तिला स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. शेपटीला एक धक्का दिला तर ती काही मिनिटे बिचकून राहते. तेच धक्के अंतर ठेवून पुन्हा पुन्हा दिले तर बिचकणे दिवसचे दिवस टिकते. पहिल्या प्रकारात पेशीत असलेल्याच प्रथिनांत तात्पुरता बदल होतो. दुसऱ्या प्रकारात संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, जनुके उघडतात, नवी प्रथिने बनतात आणि चेतापेशीला नवे जोड फुटतात. एका संवेदी पेशीचे सुमारे १३०० जोड २७०० पर्यंत वाढलेले त्याच्या सहकाऱ्यांनी मोजले. टिकाऊ शिक्षण पेशीची घडणच बदलते, आणि त्यासाठी उजळणीमध्ये अंतर लागते, हे वाचताना मला अक्का आठवली. तिला सीआरईबी हे प्रथिन ठाऊक नव्हते. पोराला पाढा कसा येतो हे मात्र ठाऊक होते.

२००२ मध्ये कँडेलच्या गटाने याच गोगलगायीत हिस्टोनच्या गाठी तपासल्या. बळ देणारा रासायनिक संदेश आला की स्मृतीला लागणाऱ्या एका जनुकावरील हिस्टोनवर ॲसिटिल चढते आणि जनुक उघडते. दडपणारा संदेश आला की ते उतरते आणि जनुक मिटते. दोन्ही संदेश एकाच वेळी दिले तर दडपणारा वरचढ ठरतो. एका बाजूला अक्का आणि दुसऱ्या बाजूला गुरुजी असे चित्र येथे लगेच रंगवता येईल. तो मोह मी आवरतो. गोगलगायीच्या एका पेशीतून माणसाच्या शाळेपर्यंत उडी मारणे म्हणजे मेळाव्यातल्या कवीचीच चूक दुसऱ्या दिशेने करणे होय.

समीक्षक म्हणून या पुस्तकाबद्दल माझे दोन अभिप्राय आहेत. पहिला गौरवाचा. कँडेलने आपली भीती कोठेही वांशिक वारसा म्हणून मांडलेली नाही. ती व्हिएन्नात, १९३८ मध्ये, ठरावीक माणसांनी निर्माण केली, असेच तो सांगतो. २००० साली त्याला अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत नोबेल मिळाले, तेव्हा व्हिएन्नातल्या लोकांनी हा आपला गौरव मानला. त्याने तो दावा साफ फेटाळला. ऑस्ट्रियाच्या अध्यक्षांनी काय केले म्हणजे चूक सुधारेल असे विचारले, तेव्हा विद्यापीठासमोरच्या रस्त्याला असलेले कार्ल ल्युगर या ज्यूद्वेष्ट्या महापौराचे नाव काढा, असे त्याने सुचवले. २०१२ मध्ये ते नाव निघाले. व्यक्तीची स्मृती पेशीत असली तरी समाजाची स्मृती रस्त्यांच्या पाट्यांवर असते, हे या शास्त्रज्ञाला पक्के कळले होते.

दुसरा अभिप्राय मर्यादेचा. पुस्तकाच्या आरंभी आणि अखेरीस व्हिएन्ना आहे, पण मधल्या शेकडो पानांत समाज जवळजवळ नाहीसा होतो. गोगलगायीला शेजारी नसतो. धक्का कोण देतो, का देतो, कोणाच्या संमतीने देतो, हे प्रश्न तिला पडत नाहीत. अपमान म्हणजे नुसता धक्का नव्हे. वर्गाच्या हसण्यात त्याचा अर्थ असतो. तो अर्थ पेशीत मोजता येत नाही. जेथे शास्त्रज्ञाचे मोजमाप संपते तेथे लेखकाचे काम सुरू होते.

४

आपल्याकडे बाळाची पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, आणि ते पुसता येत नाही, अशी समजूत. हा ललाटलेख आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना ऐकवला गेला. मॉन्ट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील मायकेल मीनी, मोशे स्झिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन वाचताना मला सटवाईची आठवण झाली ती याच कारणाने.

काही उंदरीणी पिलांना खूप चाटतात, काही कमी. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्या पिलांना कमी चाटले गेले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताण आवरणाऱ्या एका जनुकावर अधिक मिथाइल आढळले. ती मोठी झाल्यावर लवकर घाबरत. अशी पिले शिकण्यातही मागे राहतात, हे याच गटाने आधी दाखवले होते. तेव्हा पहिल्या आठवड्यात काही लिहिले जाते हे खरे. परंतु पिलांची अदलाबदल केली तेव्हा गोष्ट उलगडली. कमी चाटणाऱ्या आईचे पिलू जास्त चाटणारीकडे वाढले तर त्याच्यावरची खूण सांभाळणारीसारखी झाली. खूण रक्ताने आलेली नव्हती, जिभेने आलेली होती. आणि वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत हिस्टोनच्या गाठी सैल करणारे औषध दिले, तेव्हा ती खूण पुसलीही गेली. सटवाईचा लेख आणि हा लेख यांत फरक आहे तो एवढा.

२००७ मध्ये एमआयटीच्या ली-ह्युएइ त्साय यांच्या गटाने आणखी पुढचे दाखवले. ज्या उंदरांच्या मेंदूतील पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या होत्या आणि पूर्वी शिकलेले जे विसरले होते, त्यांना खेळणी, चाके आणि सोबती असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात काही आठवडे ठेवले. त्यांच्या हिस्टोनवर ॲसिटिल वाढले आणि हरवलेली आठवण परत सापडली. ती गेलेली नव्हती, तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद झाली होती. उंदराच्या पिंजऱ्यापुरता हा निष्कर्ष आहे. तरीही 'ह्यांच्या डोक्यात काही शिरत नाही' असे म्हणणाऱ्याने आधी पिंजरा तपासावा, एवढे त्यातून नक्की निघते.

५

आता कवीच्या मूळ विधानाकडे येतो. आजोबांची आठवण नातवाच्या जनुकात उतरते काय?

या बाबतीत सर्वाधिक गाजलेला प्रयोग अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील ब्रायन डायस आणि केरी रेसलर यांचा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. नर उंदरांना एक विशिष्ट वास आणि विजेचा धक्का यांची सांगड शिकवली. त्यांची मुले आणि नातवंडे, बापाला कधी न पाहिलेली, त्या वासाला अधिक दचकत होती. शुक्रपेशीत तो वास ओळखणाऱ्या जनुकावर मिथाइल कमी आढळले. त्याच वर्षी ग्रेगरी फ्रान्सिस या अभ्यासकाने हे आकडे संभाव्यतेच्या नियमांना धरून पाहता अवाजवी जुळून आले आहेत, असा आक्षेप घेतला. तो क्षणभर बाजूला ठेवला तरी पिलांकडे काय उतरले ते नीट पाहिले पाहिजे. धक्क्याची आठवण उतरली नाही. एका वासाविषयीची तीक्ष्णता उतरली. याच दिशेने २०१९ मध्ये झालेल्या प्रयोगात, बापाला ती भीती विसरायला शिकवल्यावर जन्मलेल्या पिलांत तो परिणाम दिसला नाही.

माणसाबद्दलचा पुरावा याहून विरळ आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांच्या एका जनुकावर साठ वर्षांनंतरही मिथाइल कमी आढळले. पण ते त्यांनी स्वतः, आईच्या पोटात, सोसलेल्या उपासमारीचे चिन्ह होते. ज्यू संहारातून वाचलेल्यांचा आणि त्यांच्या मुलांचा रॅचेल यहुदा यांच्या गटाचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यात वाचलेले ३२ आणि त्यांची मुले २२ होती. एवढ्या थोड्या माणसांवरून आणि घरातल्या वातावरणाचा परिणाम वेगळा न काढता रक्ताचा सिद्धान्त उभा राहत नाही. शिवाय सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक खुणा पुढच्या पिढीच्या घडणीत दोनदा पुसल्या जातात, एकदा बीजपेशी तयार होताना आणि एकदा गर्भाच्या आरंभी. निसर्ग बाळाची पाटी जवळजवळ कोरी करून देतो. तिच्यावर पुन्हा तेच लिहिणारे हात बाहेर असतात.

मला भय वाटते ते येथेच. जे जन्माने आले ते भोगायचे, हा कर्मविपाकाचा सिद्धान्त आपण नाकारला. आता तोच, प्रयोगशाळेचा पांढरा डगला घालून, आपल्याच व्यासपीठावर येतो आणि आपण टाळ्या वाजवतो. वेदना रक्तात आहे असे आज म्हटले, तर उद्या कोणी म्हणेल की दुबळेपण रक्तात आहे. त्याला आपण कोणत्या तोंडाने अडवणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा सापळा फार आधी ओळखला होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ विवाहाच्या बंधनात, म्हणजे सामाजिक व्यवहारात शोधले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकांची मापेच हाती घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. कँडेलने गोगलगायीवर काम केले ते त्याच कोलंबियात. हा योगायोग आहे, त्याला अधिक अर्थ चिकटवत नाही. परंतु शास्त्राला शास्त्राने उत्तर देण्याची बाबासाहेबांची रीत आपण सोडता कामा नये.

६

समीक्षेला यातून काय मिळते? २००० साली करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी दाखवले की पक्की झालेली भीतीची आठवण उंदराला पुन्हा करून दिली की काही काळ ती कच्ची होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. २०१४ मध्ये त्साय यांच्या गटाला आढळले की महिन्याभराची जुनी भीती अशी सहज बदलत नाही. मात्र आठवण करून देताना हिस्टोनच्या गाठी सैल केल्या तर तीही बदलते. म्हणजे आठवणे ही जुने कपाट उघडून वस्तू बाहेर काढण्याची क्रिया नव्हे. प्रत्येक आठवणे हे पुन्हा लिहिणे असते.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगतो. या रचनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज तिच्यात स्मृतीचे श्रम दिसतात. जी आठवण घट्ट मिटून ठेवली होती ती दुसऱ्या 'स्व'समोर उघडायची, ती कच्ची होऊ द्यायची आणि शब्दांत पुन्हा पक्की करायची. आत्मकथन हे रक्ताने आपोआप दिलेली साक्ष मानले की लेखकाचे हे श्रम नाहीसे होतात. मग समीक्षक म्हणतो, यांना लिहावे लागत नाही, हे त्यांच्यातून वाहते. प्रस्थापित समीक्षेने आपल्याला दिलेली ही सर्वात गोड शिवी आहे. ती आपणच आपल्याला देऊ नये.

त्या तरुण कवीला मी पत्र लिहिले आहे. त्याच्या कवितेत ताकद आहे. आजोबांना फटके कोणी मारले, कोणत्या पाणवठ्यावर, ते घरात कोणी कसे सांगितले आणि ऐकताना आपल्याला काय झाले, हे लिही, असे मी त्याला कळवले. आजोबांकडून आलेली गोष्ट घरातल्या बोलण्यातून आली आहे, आणि बोलण्याला जाब विचारता येतो, बोलणे बदलता येते.

अक्का आता ऐंशीच्या घरात आहे. तिने शिकवलेला पाढा माझ्या मेंदूत कोठेतरी गाठी सोडून आणि बांधून बसला आहे. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली. त्याचे कारण तिच्या रक्तात शोधण्याची गरज नाही. ते गावात होते, वाड्यावरच्या बिगारीत होते, आमच्या घरातल्या रिकाम्या कणगीत होते. त्या कारणांची नावे सांगता येतात, आणि ज्यांची नावे सांगता येतात ती कारणे दूर करता येतात.